मिटलेली बाजू

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. टॅक्सीतून उतरता उतरता बाबांनी ड्रायव्हरला सुनावलंच, की वळणावर क्लच असा दाबून धरत नाहीत. सबंध आयुष्य बस चालवण्यात गेलेला माणूस. दुसऱ्याच्या गाडीत गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात-पाय कामातून गेला, जीभ मात्र शाबूत आहे.

या वृद्धनिवासाला तीन बाजू आहेत: बागेकडची, रस्त्याकडची आणि मागची. मधे मोठा हॉल, हॉलमध्ये काउंटर, काउंटरवर कॉम्प्युटर. मी इथल्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम सांभाळायचा, आणि माझी नोकरी आहे तोवर बाबांना खोली, जेवण, औषधपाणी. गेलं वर्षभर त्यांना घरी एकटं सोडून कामावर जाताना जीव टांगणीला लागलेला असायचा. आता मी ऑफिसच्या वरच्या खोलीत आणि ते खाली बागेकडे, हाकेच्या अंतरावर. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुपारपर्यंत बाबांची सगळ्यांना टोपणनावं देऊन झाली. व्यवस्थापक प्रत्येक गोष्टीवर ‘हो, बघू’ म्हणतात, म्हणून ते होबघू. नर्सचा पाय एका जागी ठरत नाही, ती वादळ. मेट्रनबाईंना मात्र त्यांना नाव सुचेना. त्या समोर आल्या की माझीही पाठ आपोआप ताठ होते.

५ फेब्रुवारी

काम कळलं. प्रोग्रॅममध्ये इथे राहणाऱ्या सगळ्यांची एक लांबलचक यादी आहे. बाजूवार गट केलेत, प्रत्येक गटाला ठळक अक्षरात शीर्षक आहे, पण यादी आहे ती मारुतीच्या शेपटासारखी. मागच्या बाजूच्या माणसापर्यंत जायचं तर माउसचं चाक फिरवून फिरवून वादळचं मनगट सुजलंय. मेट्रनबाईंना हवंय ते असं, की शीर्षकावर क्लिक केलं की गट मिटावा आणि पुन्हा केलं की उलगडावा. मागणी रास्त आहे.

इथे कागद हद्दपार झालेत. गोळ्यांची गाडी, स्वयंपाकघरातली ताटं, धुतलेल्या चादरी, सगळं स्क्रीनवर बघून. पूर्वी कुणीतरी आठवणीवर विसंबून भलत्यालाच गोळी दिली होती म्हणे, तेव्हापासून मेट्रनबाईंचा दंडक आहे, की आठवणीवर जायचं नाही, स्क्रीनवर दिसेल त्याच्याकडेच जायचं. मला हे आवडलं. नीटनेटकी माणसं मला आवडतात.

१० फेब्रुवारी

झालं. शीर्षकाच्या डावीकडे एक छोटा त्रिकोण ठेवलाय. क्लिक केलं की तो आडवा होतो आणि खालची नावं शीर्षकाखाली सरकत जातात. सगळी एकदम गायब झाली तर डोळ्यांना दचकल्यासारखं होतं, म्हणून एक अख्खी दुपार त्या सरकण्यावरच घालवली. सगळ्यात खालचं नाव आधी आक्रसतं, मग त्याच्या वरचं, असं करत वरवर. बाबा म्हणाले की दरवाजा बंद होण्यात एवढं काय कौतुक. मी म्हटलं, तुम्ही बसचा दरवाजा आयुष्यभर धाडकन लावलात, तुम्हाला काय कळणार.

कुठला गट मिटलेला आणि कुठला उघडा हे प्रोग्रॅमनं लक्षात ठेवायला हवं. सर्व्हरवर सगळ्यांची मिळून एक सेटिंगची फाइल आयतीच होती, त्यात ते टाकून दिलं. वादळनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली की आजवर तिच्या मनगटाचा विचार केलेली मी पहिलीच.

बाबांना मित्र मिळालाय. मागच्या बाजूला शेवटच्या खोलीत एक शिंपीकाका राहतात. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. दोघं दुपारभर पत्ते कुटतात आणि एकमेकांवर चोरीचा आळ घेतात.

१२ फेब्रुवारी

आज लाज गेली. दुपारचं जेवण मागच्या बाजूला पोचलंच नाही. सकाळी कुणीतरी काउंटरवर तो गट मिटवला, आणि सेटिंग सगळ्यांची मिळून एकच, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवरही तो मिटला. ताटंच लागली नाहीत. चूक सर्वस्वी माझी. ज्याची त्याची सेटिंग वेगळी ठेवायची असते, हे शिकाऊ पोरांनाही कळतं. चार वाजता लक्षात आलं, गट उघडला आणि मी स्वतः माफी मागायला गेले.

शिंपीकाकांनी दार उघडलं आणि मला क्षणभर ओळखच पटेना. गालांवर पांढरी दाढी, बोटभर वाढलेली. काल संध्याकाळी हा माणूस गुळगुळीत होता, मी स्वतः पाहिलाय. नखं वाढून वळलेली. मी जेवणाचं बोलले तर ते म्हणाले की भूक लागलीच नाही, झोपही आली नाही, तेच तर वाईट. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, इतक्या दिवसांत कुणी फिरकलं नाही. मी म्हटलं, काका, सकाळपासूनच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वर बोट दाखवलं. त्यांच्या खोलीचं छत खाली आहे. हात वर केला तर माझा तळवा टेकला. पहिल्या दिवशी असं होतं का, मला आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

मेट्रनबाई म्हणाल्या की म्हातारी माणसं दाढी करायची विसरतात आणि जुन्या इमारतींची छतं खालीवर असतात. पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

दुरुस्ती केली. आता प्रत्येकाच्या लॉगिनला स्वतःची सेटिंग. एकानं गट मिटवला तर दुसऱ्याचा मिटत नाही. मेट्रनबाईंना आणखी एक हवं होतं, की प्रोग्रॅम सुरू होताना सगळेच गट मिटलेले असावेत आणि ज्यानं त्यानं आपल्याला लागेल तेवढंच उघडावं. तेही करून होबघूंच्या हवाली केलं. ते बसवणार तेव्हा बसवणार.

१६ फेब्रुवारी

बाबांनी हट्टानं खोली बदलून घेतली. बागेकडे बघण्यासारखं काही नाही म्हणे, झाडं काय जागची हलत नाहीत. मागच्या बाजूच्या खिडकीतून आवार दिसतं, तिथे सामानाच्या व्हॅन येतात, रिव्हर्स घेतात, आणि बाबांना दिवसभर ड्रायव्हर लोकांचा उद्धार करता येतो. शिवाय शिंपीकाकांचा शेजार. मी नको नको म्हणत होते. का नको ते सांगता आलं नाही. छत बघून आले, बरोबर उंचीवर आहे. बाबा म्हणाले, “ठकू, तू छत कसलं बघतेस, ब्रेक बघ.” खुशीत आहेत.

१८ फेब्रुवारी

सगळं क्रमानं, नीट लिहायचंय.

सकाळी बाबांच्या गोळ्या आल्या नाहीत. वादळला विचारलं तर ती म्हणाली, कुठले बाबा. मला वाटलं चेष्टा करतेय. तिला हाताला धरून हॉलच्या टोकाला नेलं. समोर मागच्या बाजूचा बोळ, दाराशी बाबांच्या चपला. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ती मात्र भिंतीकडे बघावं तशी बघत होती. मी म्हटलं, चल ना आत. तिनं पाऊल टाकलं नाही, हात पुढे केला, आणि तिचा तळवा हवेत, काहीच नाही अशा ठिकाणी, सपाट होऊन थांबला. बोटांची टोकं पांढरी पडली. ती खरंच कशाला तरी टेकून उभी होती.

धावत काउंटरवर आले. तिच्या लॉगिनमध्ये मागची बाजू मिटलेली होती. मी उघडली. तिनं डोळे मिचकावले आणि “अगंबाई, आजोबांच्या गोळ्या राहिल्या की” म्हणत बोळात शिरली. भिंत नाही, काही नाही. तिला मधलं काही आठवतच नाही.

बाबा खिडकीशी होते. वैतागले होते. म्हणाले की तो व्हॅनवाला सकाळपासून रिव्हर्सच घेतोय, असला मंद ड्रायव्हर जन्मात पाहिला नाही. मी बाहेर पाहिलं. व्हॅन सर्रकन मागे आली आणि थांबली. बाबांच्या हनुवटीवर खुंट वाढलेत. काल मीच त्यांची दाढी केली होती.

एका माणसानं मिटवलं तर एवढं.

१९ फेब्रुवारी

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रजा हवी आहे का विचारलं. त्रिकोण काढून टाकायचा म्हटलं तर म्हणाल्या की इथे पहिल्यांदा सगळे एखाद्या गोष्टीवर खूष आहेत. बाबांना बागेकडे परत न्यायचं तर ती खोली आता दुसऱ्या आजींना दिलीय. माझ्या वरच्या खोलीत न्यायला परवानगी लागते. ती होबघूंची.

होबघू म्हणाले, हो, बघू.

मी स्वयंपाकघरात, धुण्याच्या खोलीत, ऑफिसात, सगळीकडे जाऊन लोकांच्या खांद्यावरून वाकून तो गट उघडत होते. वळले की मागे टिकटिक ऐकू येते. पुन्हा मिटवतात. राग नाही, काही नाही, सवयीनं. पसारा नको म्हणून.

शिंपीकाकांची दाढी छातीपर्यंत आलीय. ते आता उभे राहत नाहीत. का ते मी विचारलं नाही, दिसत होतं.

मला फार भीती वाटते. बाबांना सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी

रात्र-दिवस एक करून नवा प्रोग्रॅम तयार केला. त्रिकोण नाही, मिटणं नाही, नुसती सरळ लांब यादी. होबघूंना देताना तीनदा सांगितलं, की आधी दिलेला टाकून द्या, हा बसवा. ते म्हणाले, आजच बसवतो. बसवतो म्हणाले, बघू नाही. मला रडू आलं.

उद्या सकाळी त्रिकोण गेलेले असतील. मग बाबांची दाढी करायला जाईन.

२४ फेब्रुवारी

मधे चार ओळी लिहायच्याही राहून गेल्या. दिवस छान चाललेत. होबघूंनी एकदाचा नवा प्रोग्रॅम बसवला. सुरू होताना सगळं कसं मिटलेलं, स्वच्छ. सकाळी वादळ येते, आपले दोन गट उघडते, कामाला लागते. मेट्रनबाईंनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

एकटीला ही खोली पुरून उरते. आज कपाट आवरलं. दाढीचं सामान सापडलं, आधी राहिलेल्या कुणाचं तरी असेल. देऊन टाकलं.

बागेत थोडी फिरले. इथे मन लागलंय.

२६ फेब्रुवारी

यादीत शेवटी एक शीर्षक उगाचच पडून आहे. मागची बाजू. ते कुणीच उघडत नाही, आणि मुळात इमारतीला बाजू दोनच आहेत. जुन्या प्रोग्रॅममधून राहून गेलं असणार. असलं काही लटकत राहिलेलं मला बघवत नाही. मेट्रनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, काढून टाका. उद्या सकाळी तेवढं काढून टाकते.

२७ फेब्रुवारी, सकाळ

मेट्रनबाईंना अहवाल हवा होता, म्हणून काम कधी सुरू केलं ती तारीख बघायला ही वही मागे चाळली.

बाबा.

बाबा आहेत. मला बाबा आहेत. अक्षर माझंच आहे. बस, क्लच, ठकू — मला ठकू कोण म्हणतं ते वाचूनही आठवेना, चेहरा येत नाही, आवाज येत नाही, नुसती अक्षरं —

पहिलाच बसवला त्यांनी, तेरा तारखेला दिलेला. मिटलेला. आणि मी काल ते शीर्षक काढून टाकणार होते. काढलं असतं तर उघडायला काही राहिलंच नसतं.

खाली जाते.

२७ फेब्रुवारी, दुपार

उघडलं. माझ्या लॉगिनमध्ये क्लिक केल्याबरोबर सगळं आठवलं. आवाजासकट. मी काउंटरला धरून उभी राहिले.

बोळ आहे. पण कमरेएवढा. पूर्वीसारखा उंच होत नाही आता. रांगत गेले.

बाबा पलंगावर आडवे. छत त्यांच्या तोंडापासून वीतभर. केस खांद्यापर्यंत, दाढी पोटावर. ओळखलं त्यांनी. म्हणाले, “आलीस? मला वाटलं गाडी चुकली तुझी.” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शिंपीकाकांचं दार आता फट आहे. फटीतून बोटं दिसतात. हाक मारली. बोटं हलली. मागे ओढली गेली आणि

ते नको. बाबांना बाहेर काढायचं. चादरीवर घेऊन ओढायचं.

एकच अडचण. काउंटरच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही तर तो थोड्या वेळानं आपोआप बंद होतो. कुणाची माहिती उघडी पडू नये म्हणून. परत सुरू झाला की सगळं मिटलेलं. म्हणजे कुणीतरी तिथे बसून माउस हलवत राहायला हवा, आणि कुणीतरी आत हवं. मी एकटी आहे.

वादळला विचारलं. तिला बोळ दिसत नाही. बाबा तिला आठवत नाहीत. तिच्या लॉगिनमध्ये उघडायचं तर आधी माझं बंद करावं लागेल, आणि मग मीच विसरेन. ती म्हणाली की वेडी झालीस तू, पण माझ्या मनगटासाठी एवढं केलंस, माउस हलवायला काय जातंय, बसते मी. बसलीय. वही कमरेला खोचून मी आत जातेय.

नंतर

चादर बोळाच्या मध्यापर्यंत आली. बाबा जड आहेत. त्यांचा उजवा पाय उंबऱ्याला अडकतो, त्यांना कळतही नाही. मी ओढते, थांबते, ओढते. ते म्हणतात, सावकाश, स्टॉप जवळ आलाय.

तोंडाशी उजेड दिसतोय. काउंटर दिसतं. वादळची पाठ दिसते. तिचा हात हलतोय.

कुणाची तरी बेल वाजली. बागेकडून.

उठू नकोस — मी ओरडतेय — ती मान वळवते — किती सावकाश वळवतेय —

नंतर

उठली. तिची चूक नाही. बेल वाजली की ती उठतेच.

तिचा पाय जमिनीवरून उचललेला आहे. कधीचा उचललेला आहे. खाली येत नाही.

उजेडाची आता नुसती रेघ. पाठ टेकली छताला. आडवी झाले. बाबांच्या शेजारी.

ते म्हणाले, “तू अजून मावतेस. जा.” मी मावते. खरंच मावते. एकटी सरपटले तर पोचेन. पण पोचले की मला आठवणार नाही कुणासाठी परत यायचं ते. मी बाहेर उभी राहून त्या शीर्षकाकडे बघेन आणि म्हणेन, हे काय उगाच —

नाही जात.

ते परत जा म्हणाले. मी त्यांचा डावा हात धरलाय. उजवा नाही, उजव्यात कळत नाही त्यांना.

नंतर

नखं वाढलीत माझी. पेन्सिल धरता येत नाही नीट.

वही रेघेतून बाहेर सरकवणार आहे. मावेल. जो कुणी वाचेल — यादीत अगदी शेवटी — मागची बाजू — डावीकडे त्रिकोण. एकदा दाबा. काढून टाकू नका. रिकामी नाही ती. आम्ही आहोत.

नुसतं बाबा लिहून कुणाला सापडणार. नाव हवं. यादीत नावानं आहेत ते. नाव लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे

त्यांचं नाव

बाबांचं नाव